मूल घरी सांगतं, पुढे कोण सांगणार?
शाळेतल्या सुरक्षेची तक्रार : गटाच्या बैठकीसाठी अभ्यासपाठ



या महिन्याच्या पाठात बचत नाही, हप्ता नाही, परतफेडही नाही. विषय आहे आपल्या मुलांच्या शाळेचा. दशसूत्री म्हणताना आपण शिक्षणाचं सूत्र म्हणतो, पण त्यावर बोलतो किती? मूल शाळेत जातं की नाही एवढंच विचारतो. शाळेत ते सुखरूप आहे का, हे विचारायचं राहून जातं.

पाठ मोठा आहे, दोन बैठकांत वाचा. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी मध्येच थांबवून बोलावं. लहान मुलं जवळ असतील तर पहिला भाग वाचताना त्यांना बाहेर खेळायला पाठवा.

१. बदलापूरला काय झालं

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार. मी बदलापूरमार्गे एका गावच्या बैठकीला निघाले होते. गाडी अंबरनाथच्या पुढे जाईना. बदलापूर स्टेशनवर हजारो लोक रुळांवर उतरले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या बंद होत्या. आमच्या डब्यातली एक मावशी सारखी म्हणत होती, "एवढी माणसं आज आली, त्या दिवशी एक जरी वेळेवर हलला असता तर?" ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

घटना तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा नीट समजून घेऊ. बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या, अवघ्या चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच सफाईच्या कामाला असलेल्या पुरुषाने अत्याचार केल्याची तक्रार झाली. तो माणूस त्याच महिन्यात कामावर लागला होता. एका मुलीने आपल्याला त्रास होतोय हे घरी सांगितलं. घरच्यांनी ते उडवून लावलं नाही. दुसऱ्या मुलीच्या घरी चौकशी केली, डॉक्टरांना दाखवलं आणि १६ ऑगस्टला पोलीस ठाणं गाठलं.

इथपर्यंत सगळं बरोबर झालं. अडलं ते पुढे. गुन्हा नोंदवून घ्यायला जवळजवळ बारा तास लागले, असं तेव्हा समोर आलं. शाळेने पोलिसांना कळवलं नाही, म्हणून शाळेच्या जबाबदार लोकांवरही गुन्हा दाखल झाला. तीन पोलिसांना निलंबित केलं गेलं. आयपीएस अधिकारी आरती सिंह यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने कुणी अर्ज न करता स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. आरोपीचा २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला, म्हणजे त्याच्यावरचा खटला चालून निकाल लागणं राहूनच गेलं.

आता यातून आपल्या कामाचं काय ते बघा. चार वर्षांची पोर बोलली. जेवढे शब्द तिच्याकडे होते तेवढ्यात बोलली. घरच्यांनी ऐकलं. म्हणजे साखळीतल्या सगळ्यात लहान कडीने आपलं काम चोख केलं. ज्यांच्याकडे पद होतं, पगार होता, शिक्का होता, तिथे साखळी अडकली.

आपण मुलांना नेहमी शिकवतो, "काही झालं तर सांग हं." ते शिकवायलाच हवं. पण मूल सांगेल तेव्हा पुढे नेणारं मोठं माणूस नसेल, तर त्या शिकवण्याचा उपयोग नाही. म्हणून हा पाठ मुलांपेक्षा आपल्यासाठी जास्त आहे.

२. मुलं गप्प का बसतात

२००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून एक अभ्यास केला होता. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. यात मुलगेही होते, ही गोष्ट लक्षात ठेवा. बहुतेकांनी हे आधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

का नाही सांगितलं? मी माझं सांगते. सातवीत असताना मी रिक्षाने शाळेत जायचे. रिक्षावाले काका मला रोज पुढे, स्वतःच्या बाजूला बसवायचे. मला ते आवडायचं नाही. पण नक्की काय आवडत नाही हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. मी आईला एवढंच म्हटलं, "मला रिक्षाने नाही जायचं." आईला वाटलं, शाळा बुडवायची नाटकं आहेत. ती ओरडली. मग मी पोटात दुखतं म्हणू लागले. पोटात दुखतं म्हटल्यावर ओवा मिळाला. शेवटी शेजारच्या काकूंनी बघितलं की मी रिक्षा आली की जिन्याखाली लपते. त्यांनी मला काही विचारलं नाही. आईला सांगितलं, "पोर कशाला तरी घाबरते आहे, आधी रिक्षा बदला." रिक्षा बदलली आणि पोटदुखी थांबली.

माझी आई वाईट नव्हती. तिला सकाळी डबे, पाणी, कामाची गाडी, सगळंच होतं. पण मी सांगितलं होतं. मुलं असंच सांगतात. "मला शाळेत नाही जायचं" हेसुद्धा सांगणंच असतं.

मुलं अशा रीतीने बोलतात, हे ओळखायला शिकू :

• एकाएकी शाळेला, व्हॅनला, शिकवणीला जायला नको म्हणणं.
• एखाद्या ठरावीक माणसाचं नाव निघालं की गप्प होणं.
• लघवीच्या जागी दुखतं, जळजळतं म्हणणं. घरी आल्या आल्या संडासकडे धावणं, म्हणजे शाळेत दिवसभर गेलेलीच नसणं.
• झोपेत दचकणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं.
• डबा तसाच परत येणं, पैसे किंवा वस्तू हरवल्या म्हणणं. मोठी मुलं त्रास देत असतील तर असं होतं.
• मोठ्या मुलींनी न खेळणं, केस कापून टाकणं, "मला मरावंसं वाटतं" असं बोलणं. हे कधीही थट्टेवारी नेऊ नका.

यातलं एक दिसलं म्हणजे अत्याचारच झाला असं नाही. पण बसून विचारण्याएवढं कारण नक्की झालं.

३. चुगली वेगळी, माहिती वेगळी

मोठ्या मुलांना अजून एक अडचण असते. वर्गातल्या कुणाबद्दल सांगितलं तर बाकीचे "चुगलखोर" म्हणतात. हे आपल्याकडेच नाही, जगभर आहे. अमेरिकेत १९९९ साली कोलंबाइन नावाच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बंदुका चालवून १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. त्यानंतर तिथल्या सरकारने शाळांवरच्या जुन्या हल्ल्यांचा अभ्यास केला. तेव्हा दिसलं की बहुतेक वेळा हल्ला होण्याआधी कुणा ना कुणा मित्राला त्याची कुणकुण होती. त्याने मोठ्यांना सांगितलं नव्हतं. मग त्या राज्यात मुलांना नाव न सांगता फोन करता येईल अशी सोय केली गेली.

आपल्या गावच्या शाळेत बंदुका नाहीत, देवाची कृपा. पण गोष्ट तीच आहे. शाळेत काय चाललंय हे मुलांना आधी कळतं. कोणता मुलगा ब्लेड घेऊन येतो, कोणत्या मुलीला कोण चिठ्ठ्या पाठवतो, कोण तिचे फोटो मोबाईलवर फिरवतो, कोण गुटखा आणून वाटतो, हे वर्गाला ठाऊक असतं. त्यांना फरक असा समजावून सांगा : कुणाला ओरडा बसावा म्हणून सांगितलं तर ती चुगली. कुणाला इजा होऊ नये म्हणून सांगितलं तर ती माहिती. माझ्या अनुभवात सहावीच्या मुलांना हा फरक दोन मिनिटांत समजतो.

आणि मुलांनी सांगितल्यावर "तुला काय करायचंय नसत्या उठाठेवी?" असं आपण म्हणायचं नाही. एकदा म्हटलं की ते मूल पुढच्या वेळी येत नाही.

४. लहान गोष्ट ऐकली तर मोठी येते

मुरबाड तालुक्यातल्या एका गावात आपल्या गटाची बैठक चालू होती. हिशोब झाला, अंतर्गत कर्जाचं झालं, आणि उठता उठता एक ताई म्हणाली, "आमची पोरगी शाळेत पाणीच पीत नाही." दुसरी म्हणाली, "आमची पण." चौकशी केली तर कळलं, मुलींच्या संडासच्या दाराला कडी नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची. मैत्रीण नसेल त्या दिवशी जायचंच नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही.

कडी ती केवढीशी! पण गटाने ती इतिवृत्ताच्या वहीत लिहिली. अर्ज केला. तिघी जणी मिळून शाळेत गेल्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. आठ दिवसांत काही झालं नाही. पुन्हा गेल्या. तिसऱ्या आठवड्यात दाराला आतून कडी लागली आणि खिडकीला जाळीही बसली.

खरी गोष्ट त्यानंतर घडली. पंधरा दिवसांनी आठवीतली एक मुलगी त्याच ताईंकडे आली. म्हणाली, "मावशी, तुम्ही कडीचं केलंत ना, मग हेही सांगते." शाळा सुटल्यावर ओढ्याच्या वाटेवर एक माणूस मोटारसायकल आडवी लावायचा. चार मुलींना हे माहीत होतं, चौघींच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं. शाळा बंद करतील या भीतीने त्या बोलत नव्हत्या. गटाने पोलीस पाटलांना सोबत घेऊन पोलिसांत कळवलं. महिनाभर रोज दोन ताया आळीपाळीने त्या वाटेवर थांबल्या. चारही मुली आज शाळेत जातात.

त्या मुलीने आधी पारख केली होती. ही बाई कडीचं ऐकते का, एवढंच तिने बघितलं. म्हणून लहान तक्रारीला लहान समजू नका.

तक्रार कशाकशाची करायची? ही यादी गटात वाचा आणि आपल्या शाळेशी ताडून बघा :

• संडासला कडी, पाणी, उजेड नाही. मुलामुलींचे संडास लागून आहेत.
• कुंपण पडलंय, विहीर किंवा टाकी उघडी आहे, वायरी लोंबताहेत, वर्गाचं छप्पर गळतंय, भिंतीला तडा गेलाय.
• व्हॅन किंवा रिक्षात मुलं कोंबून नेतात. बाई माणूस सोबत नाही.
• बाहेरची माणसं शाळेत कधीही येतात, कुणी विचारत नाही.
• शिक्षक मारतात, उठाबशा काढायला लावतात, जातीवरून किंवा घरच्या गरिबीवरून बोलतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी आहे.
• मोठी मुलं लहानांना छळतात. मोबाईलवर फोटो, घाणेरडे मेसेज फिरतात.
• कुणीही, मग तो शिक्षक असो, शिपाई असो, गाडीवाला असो की नात्यातला, मुलाला नको तिथे हात लावतो, एकटं बोलावतो, "कुणाला सांगू नको" म्हणतो.

शेवटच्या मुद्द्याबद्दल एक सांगते. देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या आकड्यांत दरवर्षी हेच दिसतं की मुलांवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहातल्या नऊपेक्षा जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. त्यामुळे "तो तर आपलाच आहे" हे तक्रार न करण्याचं कारण होऊ शकत नाही.

५. मूल सांगू लागलं तर

हातातलं काम ठेवा. गॅस बंद करा. मुलाच्या उंचीला बसा. मग :

पहिलं, चेहरा शांत ठेवा. तुम्ही किंचाळलात, छाती बडवलीत, तर मूल घाबरून शब्द मागे घेईल.

दुसरं, म्हणा, "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही." एवढी दोन वाक्यं पाठच करून ठेवा.

तिसरं, खोदून खोदून विचारू नका. "त्यानेच केलं ना?" असं तोंडात शब्द घालू नका. "मग काय झालं?" एवढंच विचारा. पुन्हा पुन्हा सगळ्यांसमोर वदवून घेऊ नका. आजी, काकी, शेजारीण प्रत्येकीला मुलाने नव्याने सांगायची गरज नाही.

चौथं, "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. म्हणा, "ज्यांना सांगितल्याने तुला मदत होईल त्यांनाच सांगू."

पाचवं, मुलाचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. तारीख, वेळ, कुणासमोर सांगितलं तेही लिहा.

सहावं, शारीरिक अत्याचाराची शंका असेल तर त्या वेळचे कपडे धुवू नका. कागदात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. शक्यतो तपासणीआधी अंघोळ घालू नका. लवकरात लवकर सरकारी दवाखान्यात न्या. आपल्या भागात उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहे, ठाण्याचं सिव्हिल आहे, कल्याणला महापालिकेचं रुक्मिणीबाई रुग्णालय आहे. आधी पोलिसांत जा मग या, असं म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची असते आणि आईला किंवा मुलीच्या विश्वासाच्या माणसाला सोबत राहता येतं.

अशा वेळी "आता शाळा बंद" हे पहिलं वाक्य आपल्या तोंडून येतं. ते गिळा. मुलीला वाटतं, गुन्हा त्याने केला आणि शिक्षा मला झाली. मग तिची बहीण कधीच बोलणार नाही.

६. कुणाला सांगायचं

इमारत, संडास, गाडी, मारहाण, छळ अशा गोष्टींसाठी :

मुख्याध्यापकांना लेखी द्या. शाळेत तक्रारपेटी असायला हवी. ती आहे का, आणि उघडली जाते का, हे विचारा. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. त्यात पाऊण हिस्सा पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. म्हणजे आपल्यातलीच कुणीतरी त्यात आहे, कदाचित फक्त सहीपुरती. तिला गटाने विषय द्यावा आणि बैठकीत मांडायला लावावा. डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडच्या खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो, तिथे मांडा.

१० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत सखी सावित्री समिती असते. तिचं कामच मुलींच्या सुरक्षिततेचं आहे. त्यात महिला पालक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि विद्यार्थीही असतात. समितीत कोण कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे शाळेत विचारा. नुसतं विचारल्यानेही पुष्कळ हालचाल होते.

शाळेने ऐकलं नाही तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. शहरात असाल तर महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा शिक्षण विभाग.

बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शासनाने पुन्हा निर्णय काढला. खाजगी शाळांत एका महिन्यात सीसीटीव्ही बसवावेत, नेमण्याआधी कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी व्हावी, तक्रारपेटी असावी आणि अनुचित प्रकार कळल्यापासून २४ तासांत शाळेने शिक्षण अधिकाऱ्यांना कळवावं, असं त्यात आहे. कॅमेरा बसलाय का एवढंच विचारू नका. चालू आहे का आणि त्याचं चित्र कोण बघतं, हेही विचारा.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर :

शाळेच्या उत्तराची वाट बघायची नाही. सरळ पोलीस, किंवा १०९८, किंवा ११२. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मूल स्वतःही लावू शकतं. ११२ वर लगेच पोलिसांची मदत मिळते.

आपल्या भागात हद्दीचा घोळ होतो. मुरबाड, शहापूर हे ठाणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूर हे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं. ते डोक्यात ठेवायची गरज नाही. जवळच्या ठाण्यात जा. हद्द कुणाचीही असो, त्यांना तक्रार नोंदवून घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवून घेत नसतील तर तीच तक्रार लेखी स्वरूपात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना पाठवा.

मुलांसाठीचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. १८ वर्षांखालच्या मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी पाठ करा :

• गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी भीती ज्याला वाटते, त्या प्रत्येकाने कळवायचं आहे. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, आपण, सगळेच. झालेला गुन्हा लपवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलाला मात्र न सांगितल्याबद्दल शिक्षा नाही.
• चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.
• मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकारी, गणवेश नाही. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.
• मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही जाहीर करायला बंदी आहे. म्हणून गटाच्या व्हॉट्सअॅपवर असलं काही टाकू नका, आलं तर पुढे पाठवू नका. पुढे पाठवून मुलीला मदत होत नाही, तिचं गावात राहणं मुश्किल होतं.

महिलांना आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. शासनाची मनोधैर्य योजना आहे, त्यातून पीडित मुलाला आर्थिक मदत आणि समुपदेशन मिळू शकतं. अर्ज करायला मला किंवा तुमच्या सीआरपी ताईंना सोबत घ्या.

७. अर्ज असा लिहा

सुंदर अक्षर नको, मोठे शब्द नकोत. तारीख, ठिकाण, काय आहे, काय हवं, कधीपर्यंत, एवढं पुरे.

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी बसवण्याबाबत. महोदय, शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही. त्यामुळे मुली दिवसभर तिथे जात नाहीत व पाणी पीत नाहीत. तरी १५ दिवसांच्या आत कडी बसवून आम्हांला लेखी कळवावे, ही विनंती. आपल्या विश्वासू," आणि खाली गटाचं नाव, तारीख, सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे.

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. मग इतिवृत्तात लिहा आणि पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मात्र मुलाचं नाव अर्जात, इतिवृत्तात लिहू नका आणि सह्या गोळा करत फिरू नका. तिथे घरचे आणि विश्वासाची एक ताई एवढेच पुरेत.

८. ताया मला विचारतात

"खोटं निघालं तर?"
शोध घेणं पोलिसांचं काम आहे. आपल्याकडे पुरावा असलाच पाहिजे असं नाही. कुणाचा सूड म्हणून मुद्दाम खोटी तक्रार केली तर शिक्षा आहे, मनापासून काळजी वाटून सांगितलं तर नाही. मात्र गावभर नाव घेत फिरू नका. योग्य जागी सांगा आणि तिथेच सांगा.

"बदनामी होईल ना?"
होते, हे मी नाकारत नाही. पण ती कोण करतं? नळावर, गिरणीत, लग्नात आपणच करतो ना? मग थांबवायला दुसरं कोण येणार? आपल्या गटाने ठराव करावा की अशा घरातल्या मुलीबद्दल आमच्यापैकी कुणी एक शब्द बोलणार नाही.

"सर चांगले आहेत, त्यांना वाईट वाटेल."
चांगल्या सरांना कडी बसल्याने वाईट वाटत नाही. उलट वरून निधी मागायला आपला अर्ज त्यांच्या कामी येतो. तक्रार म्हणजे भांडण नव्हे. शाळा आपली आहे म्हणून तर आपण सांगतो.

"एकटीने जायला धीर होत नाही."
मग एकटी जाऊच नका. गट कशासाठी आहे? बँकेत पहिल्यांदा गेलो तेव्हाही पाय लटपटत होते. तिघी मिळून गेलो, मग जमलं. शाळेत, पोलीस ठाण्यातही तसंच जायचं.

९. या महिन्याचं काम

१) प्रत्येकीने घरातल्या शाळकरी मुलाला आज एक प्रश्न विचारायचा : "शाळेत तुला कुठे जायला भीती वाटते?" उत्तर ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही.
२) प्रत्येक मुलाने स्वतःची तीन विश्वासाची मोठी माणसं ठरवायची. एकाने नाही ऐकलं तर दुसऱ्याला सांगायचं, ऐकेपर्यंत सांगायचं, हे त्याला शिकवायचं.
३) १०९८ हा आकडा घरात चुलीच्या भिंतीवर खडूने लिहायचा. मुलांकडून पाठ करून घ्यायचा.
४) दोघी जणींनी शाळेत जाऊन चार गोष्टी बघून यायच्या : संडास, कुंपण, तक्रारपेटी, समितीच्या सदस्यांची यादी.
५) जे सापडेल त्यातला एक विषय निवडून अर्ज द्यायचा. पोचेचा फोटो ग्रामसंघाच्या ग्रुपवर टाकायचा. त्यात कुणा मुलाचं नाव नको.

चर्चेसाठी प्रश्न : आपल्या लहानपणी आपण कुणाला काही सांगायचा प्रयत्न केला होता का? त्या माणसाने काय केलं? तेव्हा आपल्याला कोणतं वाक्य ऐकायला हवं होतं? ज्यांना बोलावंसं वाटेल त्यांनीच बोला, कुणावर जबरदस्ती नको. जे बोललं जाईल ते बैठकीबाहेर जाणार नाही, हे आधी ठरवा.

पुढच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीला मी येईन तेव्हा प्रत्येक ग्रामसंघाकडून मला एक पोच बघायची आहे. कडीची असू दे, कुंपणाची असू दे, व्हॅनची असू दे. ती आपण वहीत चिकटवू, आणि काम झालं की पुढे तारीख लिहू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक